जास्तीचं

उणे एकवीस. ओउलूतली सकाळ, म्हणजे अजून रात्रच.
हँडलवर दव नाही, काच आहे.
मी दोन पडशा मागे अडकवते
आणि शेजारचा काउको, मोटारीवरचा बर्फ खरवडता खरवडता,
रोजच्यासारखं विचारतो, "आज कुठं बिऱ्हाड हलवतेस?"

पियानो लावायला. बस, एवढंच.
त्याला लागते एक किल्ली, चार रबरी पाचरी, फेल्टची पट्टी
आणि नादकाटा.
बाकीचं सगळं थंडीचं सामान.
खरं तर थंडीचंही नाही, घामाचं.

मोटारवाल्यांना हे सांगून पटत नाही:
या गावात माणूस गारठतो तो घामानं.
चढावर जाकीट उघडायचं, पुलाआधी गळ्यापर्यंत लावायचं,
पोचल्यावर लोकांच्या न्हाणीघरात सदरा बदलायचा,
कारण ओल्या बाईनं कुणाच्या पियानोवर वाकू नये.

म्हणून सदरा. मग मोजे, दोन जोड.
हातमोज्यांची दुसरी जोडी आली
हाउकिपुडासच्या रस्त्यावर साखळी पडली त्यानंतर.
दोन बोटांची टोकं आठवडाभर माझी नव्हती
आणि माझं तर बोटांवरच पोट.
दिव्याचा सेल खिशात, थंडीत तो रुसतो.
कुलपासाठी तेलाची बाटली.
आणि एक स्वेटर, जाडाभरडा, मोहरीच्या रंगाचा,
सात वर्षांत एकदाही न घातलेला.
तो असतो.
नसेल त्या दिवशी लागेल, म्हणून असतो.

नादकाटा मात्र पडशीत नाही.
तो सदऱ्याच्या आत, छातीशी.
पोलाद गारठलं की चढं बोलतं,
केसभरच,
पण त्या केसावर अख्खा पियानो चुकतो.

साइमी कार्पिनेन, वय एकोणनव्वद, फक्त स्वयंपाकघर तापवते.
पियानो पलीकडच्या खोलीत, घोंगडं पांघरून.
"तो माझ्याहून लहान आहे, त्याला सोसतं," म्हणाली,
पण ऐकायला खुर्ची घेऊन आली तिथंच.
हात काखेत. तासभर.
मी उतरलेले सूर एकेक करून वर ओढत होते
आणि तिच्या तोंडातून वाफ येत होती, थोडी थोडी.

मधल्या सप्तकात मी थांबले.
पडशी उघडली, तळातून स्वेटर ओढला.
"याचे पैसे बिलात लावशील?"
"सात वर्षं मी वाहिला. आता तुम्ही वाहा."
बाह्या बोटांच्याही खाली लोंबल्या.
तिनं त्या दुमडल्या नाहीत.

निघताना चुलीतून दोन बटाटे काढून
माझ्या हातमोज्यांत एकेक सारला.
"आई द्यायची, शाळेला निघताना.
वाटेत शेकायचे, पोचल्यावर खायचे.
मी एकदा वाटेतच खाल्ले. मग परतताना रडले."

तुइराच्या पुलावर वारा नदीवरून आडवा आला
आणि मला स्वेटर लागला.
पहिल्यांदाच. नेमका,
डाव्या बरगड्यांच्या खाली.
मी एक शिवी हासडली, कुणाला ते विचारू नका,
जोरात पायडल मारलं, घाम फुटेलसं वाटलं, पुन्हा हळू केलं.
खाली नदी वाहतेय की थांबलीय, कळत नव्हतं.
बटाट्यांपायी ब्रेकही धड धरता येईना.

एक सिग्नलपाशी उभ्या उभ्या खाल्ला, सालीसकट.
दुसरा सदऱ्यात सरकवला, काट्याशेजारी.

पुढचा पियानो शाळेत होता.
गुडघ्यावर काटा मारला, लाकडाला टेकवला,
आणि पहिल्या बाकावरची पोरं खुसुखुसू हसायला लागली:
कुठून तरी भाजक्या बटाट्याचा वास येत होता.

सूर बरोबर होता.